ओपनसीपीएन सोर्सपासून बिल्ड करून बोटीवरच्या मशीनसाठी पॅकेज कसं बनवायचं

ओपनसीपीएन हे चार्टप्लॉटर सॉफ्टवेअर. समुद्राचा चार्ट स्क्रीनवर दिसतो, जीपीएस लावला की आपली बोट त्यावर चालताना दिसते, एआयएस (जहाजं रेडिओवरून आपली जागा सांगतात ती यंत्रणा) रिसीव्हर असला तर आजूबाजूची मोठी जहाजं पण दिसतात, मार्ग आखता येतो, भरती-ओहोटी बघता येते. फुकट आहे, सोर्स (म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला कोड) खुला आहे, लायसन्स जीपीएल व्हर्जन २, सी प्लस प्लसमध्ये लिहिलंय, आणि खिडक्या-बटणं सगळी डब्ल्यूएक्सविजेट्स या लायब्ररीवर चालतात. लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हीवर चालतं. इकडे रत्नागिरीत बोटींचं इलेक्ट्रॉनिक्स बघणारी पोरं सारखी विचारतात की सोर्सपासून बिल्ड कसं करायचं, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम कसा बनवायचा, आणि एकदा केलं की चार बोटींवर कसं टाकायचं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. सीमेकवर (बिल्डची तयारी करून देणारं हत्यार) बिल्ड होणारं दुसरं कुठलंही डेस्कटॉप ॲप असलं तरी यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

सुरुवातीलाच सांगतो, सॉफ्टवेअर म्हणजे चार्ट नव्हे. ओपनसीपीएनसोबत किनाऱ्याची जी ढोबळ पार्श्वभूमी येते ती फक्त अंदाजासाठी आहे, तिच्या भरवशावर खाडीत शिरू नका. आपल्याकडे खाड्यांच्या मुखाशी गाळ दरवर्षी सरकतो, ते त्या पार्श्वभूमीत काहीच नसतं. अधिकृत भारतीय चार्ट डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस काढतं, ते रीतसर घ्या आणि तांडेलाची (बोट चालवणाऱ्या प्रमुखाची) नजर आणि अनुभव याला पर्याय म्हणून हे मशीन कधी लावू नका.

आणि दुसरं, मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते: कंपाइल झालं (सोर्सचा चालणारा प्रोग्राम बनला) म्हणजे काम झालं असं नाही, ते अर्धंच झालं. तुमच्या टेबलावर, तुमच्या वायफायवर जे चाललं ते रात्री दोन वाजता किनाऱ्यापासून लांब, नेट नसताना, दुसऱ्याच्या मशीनवर पण चाललं पाहिजे, आणि नाही चाललं तर तिथे ते काढून जुनं परत टाकता आलं पाहिजे. हे पॅकेजशिवाय, म्हणजे सगळ्या फायली एकत्र बांधलेल्या एका इन्स्टॉल करायच्या फाइलशिवाय, होत नाही. म्हणून या लेखात कंपाइल पटकन उरकतो आणि पॅकेजवर जास्त वेळ घालवतो.

खरंच बिल्ड करायची गरज आहे का ते आधी बघा

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या डिस्ट्रो, म्हणजे प्रकार, त्यांच्या रेपोत (तयार पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यात) ओपनसीपीएन तयार मिळतं, फ्लॅटहबवर फ्लॅटपॅक (कुठल्याही डिस्ट्रोवर चालणारं पॅकेज) पण आहे. त्याने भागत असेल तर तेच वापरा, उगीच बिल्डच्या मागे लागू नका. बिल्ड करायची खरी कारणं मोजकीच आहेत: रेपोतलं व्हर्जन जुनं आहे आणि तुम्हाला हवी ती दुरुस्ती नव्यात आहे, किंवा सोर्समध्ये तुम्हाला स्वतः काही बदल करायचाय, किंवा सगळ्या बोटींवर एकच ठरलेलं व्हर्जन हवंय आणि ते मधेच अपडेट होऊन बदलायला नको. तिसरं कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त लागू पडतं, कारण बोटीवरचं मशीन कधी नेटवर येईल सांगता येत नाही.

वेळ कुठला निवडायचा तर मासेमारी बंदीचा, १ जून ते ३१ जुलै. बोटी वर ओढलेल्या असतात, मशीन घरी आणता येतं, घाई कुणालाच नसते. फक्त तेव्हाच लाईट पण सगळ्यात जास्त जाते, त्याचं काय करायचं ते पुढे येईलच.

कुठल्या मशीनवर बिल्ड करायचं

इथे बरेच जण चुकतात. आपल्या लॅपटॉपवर सगळ्यात नवीन उबुंटू असतं, त्याच्यावर बिल्ड करतात, बोटीवरच्या मशीनवर नेतात आणि तिथे जीलिबसीचं अमुक व्हर्जन सापडलं नाही म्हणून एरर येतो आणि प्रोग्राम उघडतच नाही. कारण असं की लिनक्सवरचा जवळपास प्रत्येक प्रोग्राम जीलिबसी या मूळ लायब्ररीला जोडलेला असतो, आणि नव्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्राम जुन्यावर चालेलच याची खात्री नसते, उलट जुन्यावर बांधलेला नव्यावर सहसा चालतो. उबुंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, डेबियन १२ मध्ये २.३६, उबुंटू २४.०४ मध्ये २.३९. म्हणजे नियम सोपा आहे, ज्या बोटींवर टाकायचंय त्यातलं सगळ्यात जुनं मशीन कुठलं ते बघा आणि त्याच डिस्ट्रोवर बिल्ड करा.

त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक डिस्ट्रोसाठी वेगळं पॅकेज, कारण फक्त जीलिबसी सांभाळून भागत नाही, बाकीच्या लायब्रऱ्यांची पॅकेजनावं पण डिस्ट्रोगणिक बदलतात. उबुंटू २४.०४ मध्ये तर २०३८ च्या तारखेच्या प्रश्नामुळे कितीतरी लायब्रऱ्यांच्या नावापुढे टी६४ असं शेपूट लागलंय.

प्रोसेसरचं पण बघा. लॅपटॉप बहुतेक एएमडी६४ असतो, प्रोसेसर इंटेलचा असला तरी नाव तेच, आणि रास्पबेरी पाय (हातावर मावणारा छोटा कंप्युटर, पुढे नुसतं पाय) हा एआरएम. एकाचं पॅकेज दुसऱ्यावर चालत नाही. बोटीवरच्या मशीनवर डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर ही कमांड मारली की एएमडी६४, एआरएम६४ की एआरएमएचएफ ते एका शब्दात कळतं. पायसाठी पॅकेज हवं असेल तर माझ्या मते सरळ पायवरच बिल्ड करा. लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल (एका प्रोसेसरवर दुसऱ्या प्रोसेसरसाठी बनवणं) होतं पण ते जमवण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात पायवर बिल्ड होऊन जातं. पाय ४ किंवा ५ घ्या, आणि शक्य असेल तर बिल्डचं फोल्डर एसडी कार्डवर न ठेवता यूएसबीच्या एसएसडीवर ठेवा, हजारो छोट्या फायली लिहिल्या जातात त्यात कार्ड हळू पण चालतं आणि झिजतं पण.

पुढचं सगळं मी डेबियन १२ धरून सांगतोय. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाकायच्या, जिथे मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगेन.

सोर्स आणायचा

आधी हत्यारं घ्या (ॲप्ट म्हणजे रेपोतून पॅकेजं आणून बसवणारी कमांड):

सुडो ॲप्ट इन्स्टॉल गिट सीमेक बिल्ड-इसेन्शियल डेव्हस्क्रिप्ट्स इक्विव्ज

सोर्स गिटहबवर ओपनसीपीएन याच नावाच्या खात्यात आणि त्याच नावाच्या रेपोत (इथे रेपो म्हणजे सोर्सचं कोठार) आहे. आता गिट क्लोन (सोर्सची प्रत उतरवणारी कमांड) सरळ मारलं तर सुरुवातीपासूनचा सगळा इतिहास उतरतो आणि आपल्याकडच्या नेटवर ते अर्ध्यात तुटतं. बिल्डपुरता इतिहास लागत नाही, म्हणून --डेप्थ १ लावा. पण नुसतं तेवढं लावलं तर चालू डेव्हलपमेंटचा सोर्स येईल, आणि बोटीवर टाकायला तो नको, त्यात आज सकाळी कुणीतरी टाकलेला अर्धवट बदल पण असू शकतो. आधी गिट एलएस-रिमोट --टॅग्ज आणि पुढे रेपोचा पत्ता असं मारून रिलीजचे टॅग (प्रत्येक व्हर्जनला लावलेली नावं) बघून घ्या, त्यातला शेवटचा स्थिर रिलीज निवडा, आणि मग:

गिट क्लोन --डेप्थ १ --ब्रँच (टॅगचं नाव) (रेपोचा पत्ता)

टॅगचं नाव एका वहीत किंवा फाइलमध्ये लिहून ठेवा. सहा महिन्यांनी कुणी फोन करून सांगेल की हे बंद पडतंय, तेव्हा कुठल्या सोर्सपासून बनवलं होतं हे तुम्हाला नक्की सांगता आलं पाहिजे.

डिपेंडन्सी

डिपेंडन्सी म्हणजे बिल्डला लागणारी बाकीची पॅकेजं. सोर्स कंपाइल करताना सगळ्यात जास्त डोकं इथे जातं, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच सोडून देतात. ओपनसीपीएनवाल्यांनी एक सोय केलीय, रेपोत सीआय नावाच्या फोल्डरमध्ये कंट्रोल नावाची फाइल आहे, तिच्यात बिल्डला काय काय लागतं त्याची यादी आहे. क्लोन केलेल्या फोल्डरमध्ये जाऊन:

सुडो एमके-बिल्ड-डेप्स -आय -आर सीआय/कंट्रोल

हे त्या यादीवरून एक पोकळ पॅकेज बनवतं आणि ते इन्स्टॉल करतं, त्याच्या मागोमाग खरी पॅकेजं येतात. यातली गंमत म्हणजे नंतर ते एक पोकळ पॅकेज काढून ॲप्ट ऑटोरिमूव्ह मारलं की मागची बिल्डपुरती आलेली सगळी पॅकेजं साफ होतात, मशीनवर कचरा राहत नाही. दुसरा मार्ग सुडो ॲप्ट बिल्ड-डेप ओपनसीपीएन असा आहे, पण त्यासाठी ॲप्टच्या सोर्स यादीत डेब-एसआरसी चालू असावं लागतं, आणि ते डेबियनमधल्या जुन्या व्हर्जनची यादी धरतं, नव्या सोर्सला वाढीव काही लागत असेल तर ते राहून जातं.

एखादी लायब्ररी तरी राहिलीच तर घाबरायचं नाही, एरर वाचायचा. दोन प्रकारचे असतात. सीमेक चालताना अमुक सापडलं नाही असं येतं, उदाहरणार्थ लिबआर्काइव्ह, मग पॅकेज बहुतेक त्याच नावाचं आणि शेवटी डेव्ह लावलेलं असतं, म्हणजे लिबआर्काइव्ह-डेव्ह. लोक म्हणतात अहो लिबआर्काइव्ह तर आहे ना माझ्याकडे. आहे, पण ती चालवण्यापुरती आहे, कंपाइलला हेडर फायली (लायब्ररीत काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या) लागतात आणि त्या डेव्ह पॅकेजमध्येच असतात. डब्ल्यूएक्सचं पण तसंच, डेबियन १२ मध्ये लिबडब्ल्यूएक्सजीटीके३.२-डेव्ह. दुसरा प्रकार म्हणजे कंपाइल चालू असताना अमुक डॉट एच फाइल नाही म्हणून थांबतं. तेव्हा ॲप्ट-फाइल नावाचं पॅकेज टाका, सुडो ॲप्ट-फाइल अपडेट मारा, मग ॲप्ट-फाइल सर्च आणि पुढे त्या फाइलचं नाव, ती कुठल्या पॅकेजमध्ये आहे ते थेट कळतं. एरर शेवटचा नाही, पहिला वाचायचा, एवढं लक्षात ठेवा. शेवटी येणारे पंचवीस एरर त्या पहिल्याचीच पिल्लं असतात.

कंपाइल

सोर्सच्या आत बिल्ड नावाचं वेगळं फोल्डर करा आणि त्यात जा. सोर्समध्येच बिल्ड करू नका, सगळं एकमेकांत मिसळतं आणि मग साफ करता येत नाही. आता सीमेक:

सीमेक -डीसीमेक_बिल्ड_टाइप=रेलविथडेबइन्फो -डीसीमेक_इन्स्टॉल_प्रीफिक्स=/यूएसआर ..

डी मोठा, बराबरच्या डावीकडचं नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत, आणि रेलविथडेबइन्फोमध्ये आर, डब्ल्यू, डी आणि आय एवढी चारच मोठी. शेवटचे दोन टिंब विसरायचे नाहीत, सोर्स एक पायरी वर आहे हे ते सांगतात. प्रीफिक्स, म्हणजे फायली कुठल्या फोल्डरखाली जाणार ते, महत्त्वाचा आहे. काहीच सांगितलं नाही तर सीमेक साधारणपणे /यूएसआर/लोकल धरतं, ते स्वतःपुरतं ठीक आहे, पण डेब, म्हणजे डेबियन-उबुंटूच्या, पॅकेजच्या फायली /यूएसआरमध्ये जायला हव्यात. आणि हे नंतर ठरवून चालत नाही, कारण डेटा कुठे शोधायचा तो रस्ता कंपाइल होतानाच प्रोग्रामच्या आत बसू शकतो.

बिल्ड टाइप मी रिलीज न ठेवता रेलविथडेबइन्फो ठेवतो, म्हणजे वेग जवळपास तोच राहतो पण कधी क्रॅश झालं तर कुठल्या ओळीवर झालं ते शोधता येतं. फाइल मोठी होते, होऊ दे. डिपेंडन्सी बदलली किंवा प्रीफिक्स बदलला तर बिल्ड फोल्डर पूर्ण उडवून परत सुरू करा, सीमेक जुनी उत्तरं सीमेककॅश नावाच्या फाइलमध्ये धरून ठेवतं आणि मग लायब्ररी टाकूनही नाही नाही म्हणत बसतं.

मग मेक -जे४. चार म्हणजे एका वेळी चार फायली. लॅपटॉपवर जेवढे कोर तेवढा आकडा ठेवा, पण पायवर कोर चार असले तरी मेमरी बघा. सी प्लस प्लसची एकेक मोठी फाइल कंपाइल होताना भरपूर रॅम खाते, आणि रॅम संपली की लिनक्स कंपायलरला मारून टाकतं. तेव्हा एरर येतो तो सीसी१प्लस किल्ड असा काहीतरी, आणि लोकांना वाटतं सोर्समध्ये चूक आहे. चूक काही नाही, -जे२ करा, तरी परत तसंच झालं तर -जे१ करा, किंवा थोडा स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वाढवा.

आता लाईटचं. पायला बॅटरी नसते, आणि पावसात दिवसातून किती वेळा जाईल ते महावितरणला पण माहीत नसेल. मेकची चांगली गोष्ट ही की झालेल्या फायली तो परत करत नाही, लाईट आली की परत मेक मारा, जिथे थांबलं तिथून पुढे चालू. पण लाईट गेली त्या क्षणी जी ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्स फाइलपासून कंपाइल झालेला तुकडा) लिहिली जात होती ती अर्धवट किंवा रिकामी राहू शकते, आणि मेकला वाटतं ती झालीय. शेवटी लिंक करताना, म्हणजे सगळे तुकडे जोडताना, विचित्र एरर येतो, फाइल ओळखता येत नाही वगैरे. तेव्हा बिल्ड फोल्डरमध्ये:

फाइंड . -नेम '*.ओ' -साइझ ० -डिलीट

आणि परत मेक. त्याने नाही गेलं तर मेक क्लीन करून पहिल्यापासून. सीकॅश नावाचं पॅकेज आधीच टाकून ठेवलं आणि सीमेकला -डीसीमेक_सीएक्सएक्स_कंपायलर_लाँचर=सीकॅश दिलं (इथे पण बराबरच्या डावीकडचं सगळं मोठ्या अक्षरांत) तर पहिल्यापासूनचं बिल्ड पण पटकन होतं, कारण आधी झालेलं तो साठवून ठेवतो. एसएसएचवरून (नेटवर्कवरून लांबूनच) पायवर काम करत असाल तर टीमक्समध्ये मेक चालवा, लॅपटॉपचं वायफाय तुटलं तरी तिकडे मेक चालूच राहतो.

मेक इन्स्टॉल का नको

कंपाइल झालं की सगळे गाइड सांगतात सुडो मेक इन्स्टॉल. स्वतःच्या टेस्ट मशीनवर करा हवं तर, पण दुसऱ्याच्या बोटीवरच्या मशीनवर अजिबात नको. मेक इन्स्टॉल फायली सिस्टिममध्ये पसरून टाकतं आणि त्याची नोंद डीपीकेजीकडे, म्हणजे डेबियनच्या पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामकडे, नसते. काढायचं झालं तर कुठली फाइल कुठे गेली ते हाताने शोधत बसायचं. ॲप्टला ते दिसत नाही, त्यामुळे उद्या ॲप्टने दुसरं ओपनसीपीएन टाकलं तर दोन्ही एकत्र राहतात आणि कुठलं उघडतंय ते कळत नाही.

काही जण त्याहून सोपं करायला जातात, बिल्ड फोल्डरमधली फक्त चालणारी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसरीकडे टाकतात. ती उघडेल पण आणि बघणाऱ्याला वाटेल झालं काम, पण ओपनसीपीएनचा जीव त्याच्या डेटा फायलींत आहे. एस५७डेटा फोल्डरमध्ये चार्टवरची चिन्हं आणि रंग कसे काढायचे ते आहे, टीसीडेटामध्ये भरती-ओहोटीचा डेटा, जीएसएचएचएसमध्ये किनाऱ्याची पार्श्वभूमी, शिवाय आयकॉन, आवाज, भाषांतरं. हे सगळं /यूएसआर/शेअर/ओपनसीपीएन मध्ये जातं. एस५७डेटा नसेल तर व्हेक्टर चार्ट (तयार चित्र नसून डेटावरून काढला जाणारा) नीट दिसणारच नाही, आणि हे कळणार कधी तर समुद्रात गेल्यावर.

पॅकेज

ओपनसीपीएनच्या सीमेकमध्ये पॅकेज करायची सोय आहे, बिल्ड फोल्डरमधूनच:

मेक पॅकेज

याने सीपॅक (सीमेकचा पॅकेज बनवणारा भाग) चालतं आणि एक डेब फाइल तयार होते. पण ती लगेच उचलून पाठवू नका, आधी उघडून बघा. डीपीकेजी -सी आणि फाइलचं नाव मारलं की आत कुठली फाइल कुठे जाणार त्याची यादी दिसते. तिच्यात /यूएसआर/लोकल दिसतंय का बघा, दिसलं तर प्रीफिक्स चुकलाय. एस५७डेटा, टीसीडेटा आहेत का बघा. मेनूत आयकॉन येण्यासाठी डॉट डेस्कटॉप फाइल आहे का बघा. मग डीपीकेजी -आय, इथे आय मोठा, छोटा मारला तर ते इन्स्टॉल करायला जाईल. याने पॅकेजचं नाव, व्हर्जन, आर्किटेक्चर आणि डिपेंड्स ही ओळ दिसते.

डिपेंड्सची ओळ म्हणजे पॅकेजचा कणा. त्यात डब्ल्यूएक्स, कर्ल, लिबआर्काइव्ह वगैरे चालायला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची नावं आणि कमीत कमी व्हर्जन हवं. ती ओळ रिकामी असेल किंवा दोनच नावं असतील तर दुसऱ्या मशीनवर पॅकेज विनातक्रार बसेल आणि प्रोग्राम मात्र उघडणार नाही. हाताने यादी लिहायची गरज नाही, सीमेकला -डीसीपॅक_डेबियन_पॅकेज_एसएचलिबडेप्स=ऑन द्या, सगळं मोठ्या अक्षरांत, मग सीपॅक प्रोग्राम तपासून तो कुठल्या लायब्रऱ्यांना जोडलाय ते शोधतं आणि ओळ भरतं. यासाठी डीपीकेजी-डेव्ह लागतं, ते बिल्ड-इसेन्शियलबरोबर आलेलंच असतं. एक पळवाट मात्र यातून सुटते, जी लायब्ररी प्रोग्राम चालू झाल्यावर स्वतः उघडतो ती यात दिसत नाही, ती टेस्टमध्येच पकडावी लागते.

व्हर्जनचा आकडा विचार करून द्या. तुम्ही डेबियनसारखाच आकडा ठेवला तर नंतर हे तुमचं की डेबियनचं ते कळत नाही. आकड्याच्या शेवटी अधिक चिन्ह लावून आपली खूण जोडा, म्हणजे समजा +आरटीएन१. डीपीकेजी अधिकवाल्याला नुसत्या आकड्यापेक्षा वरचं मानतं, आणि टिल्डा म्हणजे ~ लावलं तर खालचं मानतं. चाचणीचं पॅकेज देताना ~टेस्ट१ लावा, मग पक्कं आलं की ते आपोआप वरचढ ठरतं. पॅकेज परत बनवलं, अगदी एक आयकॉन बदलला तरी, शेवटचा आकडा वाढवायचाच. एकाच नावाच्या आणि आकड्याच्या दोन वेगळ्या डेब फायली बंदरावर फिरायला लागल्या की मग कुणाकडे काय आहे ते देवाला माहीत.

कोऱ्या मशीनवर टेस्ट

ज्या मशीनवर बिल्ड केलं तिथे टेस्ट करून काही उपयोग नाही, तिथे सगळ्या लायब्रऱ्या आहेतच. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कंप्युटरच्या आत दुसरा कंप्युटर चालवणारा प्रोग्राम) डेबियन १२ ची कोरी प्रत टाका, स्नॅपशॉट (त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) घ्या, प्रत्येक टेस्टनंतर स्नॅपशॉटवर परत या. पायसाठी दुसरं एक एसडी कार्ड कोरं ठेवा. मग तिथे:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ./(फाइलचं नाव)

पुढचं टिंब आणि स्लॅश हवंच, नाहीतर ॲप्ट त्या नावाचं पॅकेज रेपोत शोधायला जातं. डीपीकेजी -आय पेक्षा हे बरं, कारण ॲप्ट लागणाऱ्या लायब्रऱ्या पण बरोबर आणतं. आधीपासून डेबियनचं ओपनसीपीएन असेल तर ते काढून घ्या, कारण डेबियनने त्याचे दोन तुकडे केलेत, ओपनसीपीएन आणि ओपनसीपीएन-डेटा, आणि आपल्या पॅकेजमध्ये दोन्ही एकत्र आहेत, त्यामुळे ही फाइल दुसऱ्या पॅकेजची आहे म्हणून डीपीकेजी अडून बसू शकतं.

उघडलं म्हणून टेस्ट संपली नाही. एक व्हेक्टर चार्ट लोड करा, झूम करा, खोलीचे आकडे आणि चिन्हं दिसतात का बघा. भरती-ओहोटी उघडा. एक मार्ग आखून सेव्ह करा, बंद करून परत उघडा. वायफाय बंद करून हे सगळं परत करा. मग पॅकेज काढा, परत टाका, मार्ग शिल्लक आहेत का बघा. ते राहायला हवेत, कारण सेटिंग, लॉग आणि मार्ग युजरच्या होममध्ये .ओपनसीपीएन या लपलेल्या फोल्डरमध्ये असतात आणि पॅकेजने तिकडे हात लावायचा नसतो. बोटीवर नवीन पॅकेज टाकायच्या आधी या फोल्डरची कॉपी न चुकता पेनड्राइव्हवर घ्या. तांडेलाने वर्षानुवर्षं टाकलेले पॉइंट असतात त्यात, कुठे जाळं अडकतं, कुठे खडक आहे, ते परत कुठून आणणार.

स्क्रीन काळी येत असेल किंवा चार्ट हलवताना अडकत असेल तर टर्मिनलमधून ओपनसीपीएन --नो_ओपनजीएल असं चालवून बघा, त्याने सुधारलं तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा आहे, तुमच्या पॅकेजचा नाही. बाकी काही असेल तर त्याच लपलेल्या फोल्डरमधला लॉग वाचा.

बोटीवर गेल्यावर

नेट नसेल हे धरूनच जा. कोऱ्या टेस्ट मशीनवर ॲप्टने ज्या डेब फायली आणल्या त्या /व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज मध्ये राहिल्या आहेत का बघा, नसतील तर आधी सुडो ॲप्ट इन्स्टॉल --डाउनलोड-ओन्ली करून उतरवा, सगळ्या पेनड्राइव्हवर आपल्या पॅकेजसोबत एका फोल्डरमध्ये ठेवा आणि बोटीवर ॲप्ट इन्स्टॉल ./*.डेब मारा. शिवाय शा२५६सम ने प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराशी बदलली तरी बदलणारा आकडा) काढून एका फाइलमध्ये ठेवा आणि बोटीवर कॉपी केल्यावर शा२५६सम -सी ने तपासा. खाऱ्या हवेत पेनड्राइव्हची टोकं गंजतात, कॉपी अर्धवट होते, आणि ते तिथेच कळलेलं बरं.

टाकून झालं की सुडो ॲप्ट-मार्क होल्ड ओपनसीपीएन करा, म्हणजे कधी नेट मिळालं आणि कुणी अपडेट मारलं तरी हे बदलणार नाही.

जीपीएस दिसत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिचा बिल्डशी काही संबंध नसतो. यूएसबीचा जीपीएस टीटीवायएसीएम० किंवा टीटीवाययूएसबी० अशा नावाने येतो आणि तो वाचायला युजर डायलआउट ग्रुपमध्ये असावा लागतो: सुडो यूजरमॉड -ए -जी डायलआउट आणि पुढे युजरचं नाव, जी मोठा. मग लॉगआउट करून परत आत या, नाहीतर बदल लागत नाही. बंदरात एआयएस आणि जीपीएस दोन्ही लावले की चालू होताना नावं अदलाबदल होतात, म्हणून ओपनसीपीएनमध्ये /डेव्ह/सिरीयल/बाय-आयडी खालचं लांबलचक नाव द्या, ते बदलत नाही. स्पीड जीपीएसला सहसा ४८०० आणि एआयएसला ३८४००.

विंडोजवाल्यांसाठी

थोडक्यात सांगतो. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती सी प्लस प्लससकट लागते, रेपोत बिल्डविन नावाचं फोल्डर विंडोजच्या तयारीसाठीच आहे ते आधी वाचा, आणि पॅकेजसाठी एनएसआयएस टाकून ठेवा, सीपॅक त्याच्यावरून सेटअपची ईएक्सई बनवतं. सही न केलेली ईएक्सई असल्यामुळे विंडोज स्मार्टस्क्रीनची निळी सूचना दाखवू शकतं. लोकांना ती डोळे मिटून ओलांडायला शिकवू नका, चेकसम द्या आणि तो जुळल्यावरच पुढे जायला सांगा. विंडोजवर पण टेस्ट कोऱ्या मशीनवरच, व्हिज्युअल सीचं रनटाइम तिथेच गायब सापडतं.

सोर्स बरोबर द्या

हे बरेच जण सोडून देतात. जीपीएल व्हर्जन २ सांगतं की बनवलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर सोर्स पण द्यायचा, किंवा मागेल त्याला देईन असं लेखी द्यायचं आणि ते किमान ३ वर्षं पाळायचं. पेनड्राइव्हवर जागा असते, सरळ सोर्स टाकून द्या. तुमचे बदल आधी कमिट करा (गिटमध्ये नोंदवा), मग सोर्सच्या फोल्डरमध्ये:

गिट आर्काइव्ह --फॉरमॅट=टार.जीझेड -ओ सोर्स.टार.जीझेड हेड

हेड मोठ्या अक्षरांत. कमिट न केलेला बदल यात येत नाही, म्हणून गिट स्टेटस मारून सगळं स्वच्छ आहे ना ते बघून मगच ही कमांड मारा. सोबत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टॅगचं नाव, वापरलेली सीमेकची पूर्ण ओळ आणि कुठल्या डिस्ट्रोवर बनवलं ते लिहा, म्हणजे तुम्ही नसलात तरी हर्णैचा किंवा देवगडचा दुसरा कुणी तेच पॅकेज परत बनवू शकेल.